वाचकांचे प्रश्न : गादीचा हक्क आणि गादीची लायकी

गेल्या अंकात युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या राज्यविचारावर लेख होता. राज्य करण्याचा अधिकार कशाने मिळतो, वंशाने, कुणीतरी दिलेल्या सनदेने की राज्यकर्त्याच्या गुणांनी, यावर चौदाव्या ते सोळाव्या शतकातल्या इटलीत झालेला वाद त्यात थोडक्यात दिला होता. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : एक राजा वंशपरंपरेने गादीवर आला, पण रयतेला नागवतो. दुसऱ्याने गादी बळकावली, पण कारभार चोख ठेवला. त्या काळच्या विचारवंतांच्या लेखी खरा राज्यकर्ता कोण? (एक वाचक, कराड)

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांत नेमका सोडवला तो पेरूजाच्या विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या बार्टोलुसने. तो १३५७ मध्ये वारला. जुलमी सत्ताधीशांवरच्या त्याच्या छोट्या ग्रंथात त्याने दोन दोष वेगळे काढले. पहिला दोष हक्काचा : सत्ता हातात आहे, पण ती देण्याचा अधिकार ज्याला होता त्याने दिलेली नाही. दुसरा वापराचा : हक्क निर्विवाद आहे, पण सत्ता लोकांच्या हितासाठी न वापरता स्वतःसाठी वापरली जाते. म्हणजे आपल्या उदाहरणातला पहिला राजा वापराने जुलमी ठरतो आणि दुसरा हक्काने. बार्टोलुस दोघांनाही सोडत नाही.

वापराचा दोष ओळखायचा कसा? ॲरिस्टॉटलने जुलमी राजवटीच्या खुणा दिल्या होत्या. नामवंत माणसं संपवणं, हेर पेरणं, लोकांत दुही माजवणं, त्यांना दरिद्री ठेवणं, लोक गुंतून राहावेत म्हणून युद्धं काढणं, अंगरक्षक परके ठेवणं, शिक्षण आणि सभा बंद पाडणं, अशी ती यादी आहे. बार्टोलुस त्या खुणा एकेक करून तपासतो, आणि या कृतीला एखादं न्याय्य कारण असू शकतं का, हेही विचारतो. हा कायदेपंडिताचा स्वभाव. अशा माणसाच्या काळात निघालेले हुकूम आणि झालेले करार पुढे टिकतात का, या व्यवहारातल्या प्रश्नालाही तो हात घालतो.

मिलानचं उदाहरण घ्या. १३९५ मध्ये जान गालेआत्सो व्हिस्कोंतीने जर्मन राजा वेन्सेस्लाउसला एक लाख फ्लोरिन देऊन ड्यूकची पदवी मिळवली. हक्क असा रोख पैशांत विकत घेतलेला. १४४७ मध्ये घराण्यातला शेवटचा ड्यूक पुत्राविना वारला आणि मिलानकरांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. तीन वर्षांनी फ्रांचेस्को स्फोर्त्झा या भाडोत्री सेनापतीने शहराची रसद तोडली आणि भुकेने टेकीला आलेल्या लोकांनी त्याला आत घेतलं. शेवटच्या ड्यूकची अनौरस मुलगी त्याची बायको होती. एवढ्या धाग्यावर तो ड्यूक झाला. पवित्र रोमन सम्राटाची मान्यता (मिलान नावापुरतं त्याच्या साम्राज्यात होतं) त्याला हयातभर मिळाली नाही. ती मिळाली १४९४ मध्ये, त्याचा मुलगा लुडोव्हिको याला. मधली चव्वेचाळीस वर्षं हे घराणं पंडितांना आश्रय देऊन आपल्या गुणांची काव्यं आणि चरित्रं लिहवून घेत होतं. सनद नसली की गुणांची जाहिरात लागते. प्रबोधनकाळात राज्यकर्त्याच्या सद्गुणांवर एवढं का लिहिलं गेलं, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आपल्या भागातल्या वाचकाला हा भेद समजायला प्रतिसरकार पुरेसं आहे. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगलीचा मोठा भाग तेव्हा त्यातच होता) कायद्याने सत्ता इंग्रजांची होती. पण गावोगावी न्यायदान मंडळं चालवत होतं ते क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. बार्टोलुसच्या दोन रकान्यांत हे मांडून पाहा. इंग्रज सरकारचा हक्कही तपासावा लागेल आणि प्रतिसरकारचा वापरही.

प्रश्न : फ्लॉरेन्समध्ये चिठ्ठ्या टाकून सरकार निवडत असत म्हणे. मग मेदिची या सावकार घराण्याने तिथे पदवी नसताना साठ वर्षं सत्ता कशी गाजवली? (अभ्यासमंडळ, विटा)

उत्तर : पद्धत समजली की लबाडीची जागा आपोआप दिसते, म्हणून आधी पद्धत सांगतो.

सर्वोच्च मंडळ नऊ जणांचं. शहराच्या चार भागांतून प्रत्येकी दोन असे आठ सदस्य आणि एक प्रमुख. मुदत फक्त दोन महिने. सदस्याचं वय तीस आणि प्रमुखाचं पंचेचाळीस पूर्ण हवं. शहरातल्या एकवीस व्यवसायसंघांपैकी (सात मोठे, चौदा लहान) एकाचं तरी सभासदत्व हवं. आठांपैकी सहा जागा मोठ्या संघांकडे आणि दोन लहानांकडे.

दर काही वर्षांनी छाननी व्हायची. पात्र माणसांची नावं एकेक करून पुकारायची आणि जमलेल्यांनी गुपचूप घेवड्याचा दाणा टाकायचा : काळा म्हणजे होकार, पांढरा म्हणजे नकार. दोन तृतीयांश काळे दाणे पडले की त्या नावाची चिठ्ठी कातडी पिशवीत. मग दर दोन महिन्यांनी पिशवीतून चिठ्ठ्या काढायच्या. ज्याचं नाव निघालं तो कर थकवलेला असेल, नुकताच पदावर असेल किंवा त्याचा नातलग पदावर असेल, तर ती चिठ्ठी बाजूला आणि दुसरी काढायची. एवढ्या कमी मुदतीमुळे आणि सोडतीमुळे कुणा एकाचा जम बसू नये, हा हेतू.

आता भिशी आठवा. सोडत कितीही उघड्यावर झाली, तरी डब्यात कुणाच्या चिठ्ठ्या आहेत आणि डबा कुणाच्या घरी असतो, यावरच सगळं अवलंबून. फ्लॉरेन्समध्ये पिशव्या भरणारे आणि सांभाळणारे अधिकारी असत. १४३४ मध्ये कोसिमो दे मेदिची हद्दपारीतून परतला, त्यानंतर या अधिकाऱ्यांना असाधारण अधिकार देऊन त्यांची मुदत लांबवण्यात आली. ते सर्वोच्च मंडळाच्या पिशव्यांत मोजकीच भरवशाची नावं ठेवत. सोडत व्हायची, चिठ्ठी निघायची, पण निघणारं नाव आधीच निवडलेलं असायचं. तिथले लोक याला ‘हातानं’ केलेली निवड म्हणत. कोसिमो स्वतः पदावर क्वचितच बसला. १४८० मध्ये, मेदिचींविरुद्धच्या पाझ्झी घराण्याच्या कटाला दोन वर्षं झाल्यावर, कोसिमोचा नातू लोरेन्झो याने सत्तर जणांची परिषद उभी केली आणि निर्णय तिथे होऊ लागले. १४९४ मध्ये मेदिची हाकलले गेले, १५१२ मध्ये परत आले आणि १५३२ मध्ये अलेस्सांद्रो अखेर उघडपणे ड्यूक झाला.

बार्टोलुसने आणखी एक प्रकार सांगितला होता : पडद्याआडचा जुलमी. कागदोपत्री शहर मोकळं असतं, सगळी पदं भरलेली असतात, पण कुणाच्या तरी इच्छेविना काही हलत नाही. कोसिमो सत्तेवर येण्याच्या ऐंशी वर्षं आधीच हे लिहून झालं होतं. वापर आणि हक्क या दोन्ही कसोट्यांतून सुटणारी ही तिसरी वाट आहे, आणि आमच्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा भाग हाच. कुठल्याही संस्थेचा अभ्यास करताना मतदान किती झालं एवढं पाहून थांबू नका. यादी कुणी केली, नावं कशाने वगळली आणि पिशवी कुणाकडे होती, हे शोधा.

प्रश्न : ‘साध्य साधनांचं समर्थन करतं’ हे मॅकियाव्हेलीचं वाक्य कितव्या प्रकरणात आहे? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : कुठल्याच नाही. फ्लॉरेन्सच्या या मुत्सद्द्याच्या ‘प्रिन्स’ या पुस्तकात, अठराव्या प्रकरणात, तो एवढंच म्हणतो की ज्यावर दाद मागायला न्यायालय नसतं, अशा राजांच्या कृत्यांकडे पाहताना लोक परिणाम बघतात. हे लोकांच्या वागण्याविषयीचं निरीक्षण आहे. उत्तरपत्रिकेत ते वाक्य अवतरणचिन्हांत लिहू नका.

प्रश्न : मानवतावादी पंडितांनी, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन ग्रंथांच्या अभ्यासकांनी, राजांना ‘सद्गुणी व्हा’ असं सांगितलं. हा निव्वळ उपदेश नव्हे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : निव्वळ उपदेश असता तर तो आज कुणी वाचला नसता. पेट्रार्कने १३७३ मध्ये पादुआचा सत्ताधीश फ्रांचेस्को दा कर्रारा याला लिहिलेलं पत्र पाहा. प्रजेवर प्रेम कर, न्याय कर, हे त्यात आहेच. पण त्याच पत्रात तो सांगतो की शहराभोवतालच्या दलदलीचा निचरा कर, रस्ते दुरुस्त कर, आणि रस्त्यांवर मोकाट फिरणारी डुकरं आवर. त्यांना बंदी करणारा जुना नियम आहे, तो अमलात आण. आपल्याकडे नगरपालिकेच्या सभेत निघावा असा विषय एका महाकवीने राजधर्माच्या पत्रात घातला, याचं आम्हाला फार अप्रूप आहे.

डच विद्वान इरॅस्मसचं १५१६ चं राजपुत्राच्या शिक्षणावरचं पुस्तक करांबद्दल असंच तपशिलात जातं. गोरगरिबांच्या रोजच्या वस्तूंवर, म्हणजे धान्य, पाव, बिअर, वाइन, कपडे यांवर, कर शक्य तेवढा कमी ठेवा. लावायचाच तर रेशीम, तलम कापड, मिरी, मसाले, सुगंधी द्रव्यं, रत्नं यांवर लावा, कारण ती श्रीमंतांच्या घरी जातात.

या उपदेशामागे शिक्षणाचा कार्यक्रमही होता. व्हित्तोरीनो दा फेल्त्रेने १४२३ मध्ये मांतुआच्या दरबारात शाळा काढली. राजघराण्यातल्या मुलांबरोबर तिथे गरिबांची मुलंही फी न घेता शिकत. सिसेरो, लिव्ही, व्हर्जिल, प्लूटार्क यांचं वाचन आणि जोडीला मैदानी खेळ. फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याच शाळेतला. तो अनौरस. १४४४ मध्ये सावत्र भावाचा खून झाल्यावर उर्बिनोची सत्ता त्याच्याकडे आली, आणि शहरात पाय ठेवण्याआधी त्याला नागरिकांशी अटी ठरवाव्या लागल्या. पुढे त्याचा दरबार आणि ग्रंथालय इटलीभर नावाजलं. जन्माने न मिळालेला हक्क गुणांनी कमावता येतो, या मताचा तो चालताबोलता दाखला होता.

बिघडतं ते दोन ठिकाणी. गुणांची परीक्षा घेणारा पंडित राजाच्याच पगारावर असतो, हे एक. दुसरं अधिक गंभीर : राजा परीक्षेत नापास झाला तर पुढे काय, याची सोय या विचारात जवळजवळ नाही. फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर कोलुच्चो सालुताती याने १४०० मध्ये जुलमी सत्ताधीशांवर लिहिलं, तेही सीझरला मारणारे ब्रूटस आणि कॅसियस दोषीच होते असं ठरवण्यासाठी. सीझरची सत्ता लोकांनी मान्य केली होती, तेव्हा तो जुलमी ठरत नाही, असं त्याचं म्हणणं. राजाला बाजूला करण्याचा अधिकार नेमका कुणाचा, याची पद्धतशीर चर्चा फ्रान्समधल्या धर्मयुद्धांच्या काळात जोरात झाली. १५७९ मध्ये टोपणनावाने निघालेल्या एका ग्रंथाने राजा आणि प्रजा यांच्यातल्या कराराची भाषा वापरली, आणि प्रतिकाराचा हक्क सुट्या माणसाला न देता दंडाधिकारी आणि प्रजेचे प्रतिनिधी यांना दिला.

प्रश्न : मॅकियाव्हेलीच्या ‘व्हिर्तू’ला मराठीत काय म्हणावं? आणि त्याची पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचावीत? (महाविद्यालयीन शिक्षक, मिरज)

उत्तर : ‘सद्गुण’ हे भाषांतर बहुतेक ठिकाणी वाचकाला चकवतं. लॅटिन मूळ शब्द ‘व्हिर’, म्हणजे पुरुष, यावरून आलेला आहे. त्यामुळे ‘पुरुषार्थ’ जवळचा वाटतो, पण आपल्याकडे त्याला चार पुरुषार्थांचा वेगळाच अर्थ चिकटलेला आहे. आम्ही ‘कर्तबगारी’ सुचवतो. प्रसंग ओळखणं, वेळेवर हात घालणं, धमक आणि शिस्त हे सगळं त्यात मावतं. जिथे तो रूढ सद्गुणांबद्दल बोलतो (पंधरावं आणि सोळावं प्रकरण) तिथे ‘सद्गुण’ ठेवा. तळटीप मात्र द्या, नाहीतर मूळ शब्द एकच आहे हे विद्यार्थ्याला कळणार नाही.

आठव्या प्रकरणात या शब्दाचा कस लागतो. कुंभाराचा मुलगा आगाथोक्लीस सिराक्यूजचा राजा झाला, तो शहरातले वजनदार लोक सभेला बोलावून त्यांची कत्तल करून. मॅकियाव्हेली त्याच्या धैर्याची तारीफ करतो, आणि तरीही लिहितो की आपल्याच नागरिकांना मारणं, मित्रांना दगा देणं, याला व्हिर्तू म्हणता येत नाही. अशा वाटेने सत्ता मिळते, कीर्ती मिळत नाही. मॅकियाव्हेलीला सरसकट अनैतिक ठरवणाऱ्यांनी हे पान वाचायलाच हवं.

क्रमाचं म्हणाल तर ‘प्रिन्स’ची सव्वीस प्रकरणं बहुतेक आखूड आहेत, पण सरळ पहिल्यापासून सुरुवात केली की विद्यार्थी तिसऱ्यातच अडकतो, कारण तिथे इटलीतल्या फ्रेंच स्वाऱ्यांचे तपशील खच्चून भरलेले आहेत. पहिलं वाचून सहा ते नऊ घ्या, मग पंधरा ते एकोणीस, मग पंचवीस. त्यानंतर मागचं पुढचं भरून काढा. शेवटी रोमच्या इतिहासावरच्या त्याच्या ‘डिस्कोर्सेस’मधल्या पहिल्या भागातली दोन प्रकरणं : चौथं, ज्यात तो म्हणतो की सामान्यजन आणि सरदार यांच्या भांडणातूनच रोमचं स्वातंत्र्य टिकलं, आणि अठ्ठावन्नावं, ज्यात जनसमुदाय राजापेक्षा शहाणा आणि स्थिर असतो असं त्याचं मत आहे. ही दोन वगळली की अर्धाच मॅकियाव्हेली हाती लागतो, आणि परीक्षेच्या गाइडांमध्ये नेमकी हीच वगळलेली असतात.

प्रश्न : रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आणि ‘प्रिन्स’ यांची तुलना वक्तृत्व स्पर्धेत नेहमी ऐकू येते. ती योग्य आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : योग्य आहे, पण फरक आधी मांडायला हवा. मॅकियाव्हेली १४९८ ते १५१२ फ्लॉरेन्सच्या चाकरीत होता. मेदिची परतले, त्याची नोकरी गेली, १५१३ च्या सुरुवातीला कटाच्या संशयावरून त्याला दोरीला टांगून छळलं गेलं आणि सुटल्यावर, बेकारीत, त्याने हे पुस्तक लिहिलं. मुख्यतः ते नव्याने सत्ता मिळवलेल्यासाठी आहे, ज्याच्यापाशी जुन्या हक्काचा आधार नाही. अमात्य शिवछत्रपतींच्या काळापासून कारभारात होते, आणि राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडच्या मुलखाचा भार सांभाळणाऱ्यांत प्रमुख होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं आज्ञापत्र स्थापित राज्य टिकवण्यासाठी लिहिलेलं आहे. गडकोट, वतनदार, टोपीकर (म्हणजे युरोपीय), आरमार असा त्याचा विषयविस्तार आहे.

साम्य शोधायचं तर शत्रूशी वागण्याच्या डावपेचांत शोधू नका. ते रयतेच्या मालमत्तेत सापडेल. सतराव्या प्रकरणात मॅकियाव्हेली म्हणतो की राजाने भय निर्माण करावं, पण द्वेष ओढवून घेऊ नये. त्यासाठी प्रजेच्या मालमत्तेला आणि बायकांना हात लावू नये, कारण माणूस बापाचा मृत्यू लवकर विसरतो, पण वाडवडिलांची मिळकत गेलेली विसरत नाही. विसाव्या प्रकरणात तो सांगतो की प्रजेने द्वेष न करणं हाच उत्तम किल्ला. आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा विषय निघतो तेव्हा आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये असं बजावलेलं आहे. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. दोन्हीकडे रोख एकाच ठिकाणी आहे : रयतेची चीजवस्तू. मात्र अमात्यांच्या मजकुरात त्या माणसाच्या दुःखाची जाणीवही आहे. मॅकियाव्हेली तिथे हिशेबावर थांबतो. स्पर्धेत बोलताना हा फरक सांगा.

प्रश्न : राजाने आपण होऊन सत्ता सोडावी, असं त्या काळी कुणी लिहिलं का? (एक वाचक, आटपाडी)

उत्तर : इरॅस्मसने लिहिलं. न्यायाचा भंग, रक्तपात किंवा धर्माची हानी केल्याशिवाय राज्य राखता येत नसेल, तर पद सोड, असं तो राजपुत्राला सांगतो. जहाजाचं सुकाणू कुणी कुळ बघून सोपवत नाही, असंही तो म्हणतो. गादी वंशानेच जाणार असेल, तर निवडीची उणीव शिक्षणाने भरून काढायची, ही त्याची भूमिका. पुस्तक ज्याला अर्पण केलं तो सोळा वर्षांचा चार्ल्स पुढे सम्राट झाला. १५२७ मध्ये पगार थकलेल्या त्याच्याच सैन्याने रोम लुटलं. १५५५-५६ मध्ये त्याने राज्यं सोडली, पण आजार आणि थकवा यांमुळे, आणि दिली ती मुलाला आणि भावाला.

आपण आटपाडीचे, म्हणजे जुन्या औंध संस्थानातले. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या मदतीने तयार झालेल्या राज्यघटनेद्वारे, आपली सत्ता लोकांकडे सोपवली आणि गावपंचायती हा तिचा पाया ठरवला. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत, जिथे कैदी भिंतींशिवाय राहतात, ती त्याच राजवटीची. इरॅस्मसच्या राजपुत्राला पद सोडताना ते कुणाच्या हाती द्यायचं, हे पुस्तकात सापडलं नसतं. औंधच्या घटनेत ते गावपंचायतीपासून वरपर्यंत लिहिलेलं होतं. अभ्यासमंडळात इरॅस्मस घेणार असाल, तर ती घटनाही शेजारी ठेवा आणि पंचायतींना कोणते अधिकार दिले होते तिथून वाचायला सुरुवात करा.